तुळशीरामचे गुडघे

तुळशीराम कुंभाराची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. डॉक्टरमंडळींत जुन्या केसेसचा विषय निघाला की मी दुसरीच एखादी सांगायचो. आता त्या वेळचे बरोबरचे कोणी उरले नाही. लिहून टाकतो.

निजामी अमलाची शेवटची वर्षे होती. मी अंबडच्या दवाखान्यात असिस्टंट डॉक्टर होतो. त्या सकाळी औरंगाबादहून सर्जनसाहेब तपासणीला येणार होते. त्यांना दाखवण्यासारखी माझ्याकडे एकच केस होती, आणि ती केस खाटेवर बसून कण्हत होती.

"गुडघे उचलंनात, डाक्टरसाब," तुळशीराम म्हणाला. "आता मनगटं बी धरली."

तो वडीगोद्रीचा. आतड्याच्या क्षयाने त्याचे आतडे एका जागी आवळले होते. अन्न पुढे सरकत नव्हते. सर्जनसाहेबांनी औरंगाबादला त्याचे ऑपरेशन केले. आवळलेला भाग कापून काढण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. म्हणून तो भाग आतच ठेवला आणि त्याला वळसा घालून वरचे आतडे पुढच्या आतड्याला जोडले. त्याला बायपास म्हणतात. जीव वाचतो, पण वगळलेला भाग बंद गल्लीसारखा आत पडून राहतो.

पुढची देखभाल माझ्याकडे आली. थोड्याच दिवसांत जखम चिघळली. टाक्यांतून आधी पू आला, मग मळ. याला फिस्टुला म्हणतात. आतडे कुठेतरी गळते आणि ती गळती कातडीतून बाहेर वाट काढते. त्या पाण्याने पोटाची कातडी सोलून निघते. मी दिवसभर ड्रेसिंग बदलत असायचो, कातडीला झिंकचा लेप लावायचो. त्याची बायको गयाबाई जुन्या लुगड्याच्या पट्ट्या उकळून द्यायची. बाई फटकळ होती.

"मडकं गळलं तर आम्ही फेकून देतो," ती म्हणायची. "तुम्ही ह्यालाच लिंपून राह्यले!"

तुळशीराम हसायचा, आणि हसताना पोट धरायचा.

हळूहळू गळती थांबली. जखम भरली. असे रोगी तेव्हा क्वचितच वाचत. सर्जनसाहेबांनी निरोप पाठवला होता, "केस बघतो. काम चांगलं असेल तर तुला माझ्या हाताखाली घेतो." मला तेवढेच हवे होते. अंबडला जन्मभर खरजेचे मलम वाटत बसायचे नव्हते.

आणि त्याच सुमारास तुळशीरामचे सांधे सुजले. पोट फुगले की दुखणे वाढते, असे तो सांगायचा. मी "वात आहे" म्हणून सॅलिसिलेटचे मिक्श्चर देत राहिलो. पोटाची केस पोटापुरती बरी झाली होती. त्यात गुडघे मला नको होते.

त्या सकाळी मी त्याला म्हणालो, "साहेबांसमोर गुडघ्यांचं काढू नको. ते पोटाचे सर्जन आहेत. पोटाचं विचारतील तेवढं सांग."

"असं कसं?" गयाबाई मध्येच बोलली. "एवढा मोठा डाक्टर येऊन राह्यला अन् दुखणं सांगायचं न्हाई? मंग काय आरती ओवाळायची त्याची?"

"गप गं," तुळशीराम म्हणाला. "डाक्टरसाब सांगत्यात ते बराबरच असंल."

मी गयाबाईला साहेबांच्या चहासाठी दूध आणायला गवळ्याकडे पाठवले. दवाखान्यात दूध होते.

साहेब आले. पोट दाबून पाहिले, व्रणावरून बोट फिरवले. "बहोत खूब," म्हणाले. मग अचानक विचारले, "जोड़ों में दर्द? घुटने, कलाई?"

हा प्रश्न येईल असे माझ्या मनातही नव्हते. तुळशीरामने माझ्याकडे पाहिले. मी नजर व्रणावर ठेवली. त्याने सुजलेल्या मनगटाने चादर गुडघ्यांवर ओढून घेतली.

"न्हाई साहेब. बिलकुल न्हाई."

हात धुताना साहेबांनी मला त्या प्रश्नाचे कारण सांगितले. बंद राहिलेल्या आतड्यात घाण साचते, तिचे विष सांध्यांत उतरते असा त्यांना संशय होता. "ऐसा हो तो दुबारा खोलना पड़ेगा. वो टुकड़ा निकालना पड़ेगा. अब इस में ताक़त है, झेल लेगा."

मी टॉवेल पुढे केला. "जी साहेब," म्हणालो. ते चहा प्यायले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले. गयाबाई दूध घेऊन परतली तेव्हा मोटार गावाबाहेर पडली होती. तिने नवऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तांब्या खाली ठेवला.

मला औरंगाबादची जागा मिळाली. साहेबांच्या शेजारी रोज उभा राहायचो. एक वाक्य बोलायचे होते, पण ते बोललो तर आधी का लपवले हेही सांगावे लागले असते. पोलीस ॲक्शन झाली, साहेब मुलूख सोडून गेले. नव्या सर्जनकडे मी चिठ्ठी देऊन तुळशीरामला बोलावले, तोवर गुडघे वाकल्या जागी आखडले होते. कुंभाराचे चाक उकिडवे बसून काठीने फिरवावे लागते. ते त्याला पुन्हा जमले नाही.

वेळेवर दुसरे ऑपरेशन झाले असते तर तो बरा झालाच असता, असे मी म्हणणार नाही. कदाचित टेबलावरच गेला असता. पण ते त्याने आणि सर्जनने ठरवायचे होते. या धंद्यात मी एवढेच शिकलो: रोगी फार आज्ञाधारक असेल तर त्याला दोनदा तपासावे, आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तपासू देऊन आपण खोलीबाहेर उभे राहावे.

पुढे एकदा मी वडीगोद्रीला गेलो, फक्त हे सारे त्याला सांगण्यासाठी. तुळशीराम ओट्यावर बसला होता. मला पाहून त्याने सगळी आळी गोळा केली. "ह्या माणसानं माझा जीव वाचवला," तो ज्याला त्याला सांगू लागला. माणसे माझ्या पाया पडली. गयाबाई दारात उभी राहून ऐकत होती.

माणसे पांगेपर्यंत मी थांबलो. मग त्याच्याजवळ बसलो. त्याचा हात हातात घेतला, मनगट चाचपले. तोही थांबला होता, मी काही बोलेन म्हणून.

"तिखट कमी खात जा, तुळशीराम," मी म्हणालो, आणि उठलो.