डाव्या दारातले ठोके

“आई, वाजलं,” दिनेश म्हणाला आणि त्याने गाडी थांबवली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. भर दुपार, हायवे, तलासरी मागे टाकून आम्ही चारोटीकडे येत होतो. गाडी अर्धी पांढऱ्या पट्टीच्या आत, अर्धी बाहेर. मी म्हटलं, “काही वाजलं नाही रे, चल पुढे.” त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी बापाची हाक आली की त्याचा चेहरा व्हायचा, तसा झाला होता. “तीन वाजले,” म्हणाला, आणि आपल्या बाजूचं दार उघडून त्याने एक पाय खाली ठेवला.

मागून कंटेनर आला.

कंटेनरवाला नंतर दवाखान्यात हात जोडून म्हणाला, “मावशी, मी लांबून हॉर्न मारत होतो. हॉर्नवरचा हात काढलाच नाही.” मारत असेल. मी कशाला खोटं म्हणू? पण आत ऐकू आला नाही. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून माझ्या मुलाने महिनाभर घाम गाळला होता… आणि काम चांगलं झालं होतं.

आता पहिल्यापासून सांगते.

मी डहाणूजवळच्या नरपडची. बोंबील, सुकट, मांदेली सुकवायची आणि बाजारात बसून विकायची, हा माझा जन्माचा धंदा. शाळा चौथीपर्यंत. भूत, भानामती, कोणाच्या अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. मेलेल्या माणसांनी मला कधी त्रास दिला नाही, जिवंतांनीच दिला. नातीने मोबाइलवर इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचून दाखवले, म्हणून मी पण लिहिते आहे. वाचून मला कोणी भगताचा पत्ता पाठवू नका.

माझा नवरा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, होता. स्वतःची लहान बोट होती. इंजिन खाली, फळ्यांच्या आत, आणि त्याच्यावर सागाचं झाकण. इंजिनाच्या आवाजात वरचं बोलणं खाली जात नाही, म्हणून तो हातातल्या दांडक्याने झाकणावर ठोके द्यायचा. एक म्हणजे हळू, दोन म्हणजे जोरात, तीन म्हणजे बंद. पंधराव्या वर्षापासून दिनेश त्या झाकणाखाली इंजिनाजवळ बसला. तिथे धूर, डिझेलचा वास आणि तो आवाज. तीन ठोके पडले आणि इंजिन बंद व्हायला उशीर झाला, तर वर आल्यावर दोराचा फटका. त्या आवाजाने दिनेशचा डावा कान गेला. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, “उजवा आहे ना?”

नवरा दारूने गेला. समुद्राने नाही नेला, घरात खाटेवर मेला. दिनेशने बोट मोडून लाकूड विकलं आणि पुन्हा पाण्यात पाय घातला नाही. २०१६ साली त्याने जुना पिकअप घेतला. माझी सुकी मासळी, बाकीच्या बायकांच्या टोपल्या, हंगामात चिकू, असं सगळं भरून आम्ही वेवजी, तलासरी, डहाणूचे बाजार करायचो. मी पुढे त्याच्या डाव्या हाताला बसायची.

गाडी इतकी खडखडायची की मला त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडावं लागायचं. पत्र्याच्या दाराला हात लावला तर हाताला मुंग्या यायच्या. कंपनीचे स्पीकर म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. दिनेश म्हणायचा, “बोट सोडली आणि चाकांवरची बोट घेतली बघ मी.”

त्याला एकच नाद होता, गाण्याचा. वीस वर्षं इंजिनाजवळ काढल्यावर माणसाला शांत बसून एक गाणं ऐकावंसं वाटलं, तर त्यात काय चूक? मला तेव्हाही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही.

तर त्याने ठरवलं, गाडी आतून गप्प करायची आणि चांगले स्पीकर बसवायचे. दुकानात विचारलं तर त्यांनी सांगितलेल्या किमतीत अर्धी गाडी आली असती. मग मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने आपली अक्कल चालवली. स्पीकर वापीच्या भंगारातून आणले, एका मोडलेल्या मोटारीचे, मोठे. पत्र्याला आतून चिकटवायला स्लॅब गळतो तेव्हा लावतात ती चंदेरी पाठीची डांबरी पट्टी आणली. दाराची आतली पाठ उघडली, पत्रा रॉकेलने पुसला, पट्टी गरम करायला सुनेच्या मैत्रिणीच्या पार्लरमधलं केस वाळवायचं मशीन आणलं, आणि दाबून बसवायला माझं लाटणं घेतलं.

सून, सरिता, म्हणाली, “चपात्या आता गाडीतच लाटा.”

“तू लाटतेस त्यापेक्षा गोल होतील,” तो म्हणाला.

ते लाटणं परत स्वयंपाकघरात आलं नाही. पायाखाली जाड रबर, टपाला टीव्हीच्या खोक्यात येतो तो फोम, दाराची सगळी भोकं बंद. आधी दारावर बोट मारलं तर टण वाजायचं, आता ठप. दिवसातून दहा वेळा बोट मारून ऐकायचा, आणि खूश व्हायचा.

मोठे स्पीकर जुन्या भोकात बसेनात. काच खाली आली की मागच्या लोहचुंबकाला लागायची. म्हणून स्पीकर पुढे घ्यायला मध्ये लाकडाची जाड रिंग लागते. प्लायवूड आमच्या हवेत फुगतं. मग दिनेशने इंजिनावरचं ते सागाचं झाकण घेतलं. बोट मोडली तेव्हा तेवढं एकच लाकूड घरात राहिलं होतं, मी मासे साफ करताना त्यावर बसायची. मला न विचारता त्याने त्यातून दोन रिंगा कापल्या.

मी म्हटलं, “दुसरं लाकूड मिळालं नाही तुला?”

“एवढं मुरलेलं कुठे मिळणार? बाबांनी आयुष्यभर यातून ठोके काढले. आता गाणं निघू दे.”

पहिल्यांदा बोर्डीपर्यंत गेलो तेव्हा त्याने गाणं लावलंच नाही. नुसता बोलत बसला. डिझेल, सरिताचं माहेर, बोंबिलाचं कालवण, काहीही. न ओरडता बोलत होता. माझ्या चाळिशीच्या मुलाचा साधा आवाज मी तेव्हा नीट ऐकला. इतकी वर्षं दोघंही नुसते ओरडत होतो.

ठोके पहिल्यांदा वेवजीहून परत येताना वाजले. गाणं बंद होतं. माझ्या डाव्या गुडघ्याशी, दारात, ठक… ठक… ठक. पट्टी लावलेल्या पत्र्याचा आवाज ठप येतो, सांगितलं मी. हा लाकडाचा कोरडा आवाज होता.

“दिनेश, दारात काहीतरी वाजतंय.”

“स्क्रू सैल असेल.”

घरी येऊन त्याने दार उघडलं. स्क्रू घट्ट. रिंग हलत नव्हती. दुसऱ्या फेरीला परत वाजलं. त्याने त्या बाजूच्या स्पीकरची वायर काढून टाकली. तरी वाजलं. आणि त्याला ऐकू येत नव्हतं, मलाच येत होतं. सरिता एकदा मुद्दाम माझ्या जागेवर बसून डहाणूला जाऊन आली. तिलाही काही नाही. येऊन म्हणाली, “आई, तुमचे कान दाखवून घ्या. घरात एक बहिरा आहे, तेवढा पुरे.”

एकदा ठोके पडल्यावर मी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून चाकं बघितली, ताडपत्रीचा दोर बघितला, पुढे रस्ता बघितला. काही नाही. एक बैलगाडी होती, ती पण लांब.

दिनेशने विचारलं, “किती वाजतात?”

“तीन.”

त्याने गाडी परत चालू केली. मग म्हणाला, “तीन कोणीही वाजवेल.”

मी म्हटलं, “ते लाकूड काढ तिथून. दुसरं बसव.”

“नाही काढणार.” तो रागावला नव्हता, पण आवाज थंड होता. “आई, जिवंत होते तोवर त्यांनी मला काही ऐकू दिलं नाही. आता मेल्यावर पण त्यांचंच ऐकायचं?”

त्याचं बरोबर होतं. त्याने दार परत उघडून रिंगेवर, आजूबाजूला पट्टीचा आणखी एक थर दिला, पोकळीत कापूस भरला. दार इतकं जड झालं की मला लावायला दोन हात लागायचे. ठोके चालूच राहिले. कधी रोज, कधी आठ-आठ दिवस नाही. कशासाठी, ते कधी कळलं नाही. ठोके पडले आणि पुढे काही वाईट झालं, असं एकदाही झालं नाही. पडले आणि एखादं वाईट टळलं, असंही नाही. शेजारणी म्हणाल्या, नवरा राखण करतो तुमची. मी म्हटलं, खाटेवर होता तेव्हा तांब्याभर पाणी उचलून घेतलं नाही त्याने, राखण कसली करतो? मग मी दिनेशला सांगणंच सोडलं. त्या माणसाचे ठोके घरातही मी जन्मभर ऐकले होते. सवय होती.

त्या दिवशी तलासरीचा बाजार चांगला झाला होता. टोपल्या रिकाम्या. हायवेने चारोटी आणि तिथून डहाणू असं यायचं होतं, कारण दिनेशला वाटेत एका वखारीतून चिकूची खोकी उचलायची होती. गाणं बारीक लावलेलं. मी त्याला सांगत होते की सरिताला या खेपेस माहेरी दोन दिवस जास्त राहू दे. तो हसून म्हणाला, “मग जेवण तू करणार?” आणि त्याचा हात गाण्याच्या बटणाकडे गेला. त्याने गाणं बंद केलं. मान माझ्याकडे वळवली, माझ्याकडे म्हणजे माझ्या दाराकडे.

“आई, वाजलं.”

पुढचं सांगितलं आहे.

एक सांगायचं राहिलं. त्याने ब्रेक विचार करून मारला नाही. ऐकलं आणि पाय गेला. इंजिनाजवळ हात जायचा, तसा.

माझा खांदा मोडला. बरा झाल्यावर मी पुतण्याला घेऊन, गाडी ठेवली होती त्या आवारात गेले. मागचा भाग चेपलेला, उजवं दार नाहीच. डावं दार जसंच्या तसं होतं. पुतण्याने पाठ उघडली, कापूस काढला, पट्टी सोलली. रिंग घट्ट. हातोडीने ठोकून बघितलं तर आवाज ठप. तसा कोरडा आवाज त्या दारातून काढून दाखवा, मी म्हटलं. त्याला जमला नाही. तिथल्या मेकॅनिकलाही नाही.

मी हायवेवरच्या ढाब्यावर विचारलं, टायरवाल्याला विचारलं. त्या दुपारी पुढे काही झालं होतं का, झाड पडलं, टँकर उलटला, काही? नाही. रस्ता मोकळा होता. गाडीचे ब्रेकही ठीक होते, ते तर दिसलंच. आम्ही थांबलो नसतो तर चिकू घेऊन घरी आलो असतो.

पुतण्या शिकलेला आहे. तो म्हणतो, काकी, तुम्ही तीन ठोके, तीन ठोके म्हणून त्याच्या डोक्यात भरवलंत, म्हणून त्याला भास झाला. असेल. मग माझ्या डोक्यात आधी कोणी भरवलं होतं? आणि जो कान गेलेला, त्याच बाजूने त्याला कसं ऐकू आलं? आणि त्या दिवशी मलाच का नाही आलं? बाकीचे म्हणतात, बापाने मुलाला बोलावून नेलं. नेऊन करणार काय, परत इंजिनाजवळ बसवणार? मला यातलं काही पटत नाही, आणि माझ्याकडे दुसरं काही उत्तरही नाही. असतं तर इथे लिहिलं नसतं.

सरिता आता तिच्या माहेरी असते, नात माझ्याकडे. कंटेनरवाल्याच्या पायात सळी घातली, तो परत गाडी चालवतो असं ऐकलं. दिनेश जागेवर गेला. पिकअपमध्ये आम्ही दोघं होतो, त्यातली मी वाचले.