काकडीची रोपं आणि सरांचा दिवा

आमच्या थोरल्या बहिणीला प्रयोगशाळेत सगळे 'वटवाघूळ' म्हणतात. नाव ठेवलं तिथल्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी. त्यांच्या तोंडाला कधी लगाम नव्हता, आणि आमच्या थोरलीला कधी उलट बोलणं जमलं नाही.

काम मात्र तिचं काळोखातलंच. अंधारखोलीत मिणमिणत्या हिरव्या दिव्याखाली ती काकडीची रोपं वाढवते. पानाचा हिरवा रंग बनतो त्याचा कच्चा माल म्हणजे पॉर्फिरिन. काळोखात एक द्रावण पाजलं की ते रोपात नको तेवढं साठतं, आणि मग साधा उजेड पडला तरी रोप आतून भाजून निघतं. पण उजेड पडण्याआधी वाढीचं एक संप्रेरक दिलं तर तेच रोप तगतं. हा शोध थोरलीचा. त्यापायी तिने डोळे फोडून घेतले, आलेली स्थळं परतवली, आईची बोलणी खाल्ली.

आणि त्यावरचा शोधनिबंध छापून आला तर त्यावर नाव एकट्या सरांचं! मी त्यांच्या दारात जाऊन तमाशाच करणार होते.

"थांब गं," थोरली म्हणाली. "मला माझं नाव हवंय. आणि त्या माणसाचं नाक कापलेलं बघायचंय."

तिच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकलं. बाई गं, काय बरं वाटलं मला!

पुढे सरांना संचालक करायचं की नाही ते ठरवायला बाहेरून पाहुणे आले. रोपांना द्रावण पाजून झालं होतं, संप्रेरक द्यायचं बाकी होतं. थोरली तेच सांगायला गेली, तर अंधारखोलीच्या दारातच सर खेकसले, "पाहुण्यांसमोर मध्ये तोंड घालायचं नाही. कळलं?"

"कळलं, सर."

त्या खोलीत सर कित्येक वर्षं फिरकले नव्हते. "काय हा काळोख!" म्हणत त्यांनी खटकन मोठा दिवा लावला आणि भाषण ठोकलं. थोरली भिंतीला टेकून गप्प.

"एका शब्दाने थांबवता आलं असतं," ती मला नंतर म्हणाली. "पण नाही थांबवलं. जळू देत म्हटलं." पोटच्या पोरांसारखी वाढवलेली रोपं ती!

दिवा तसाच ठेवून सगळे जेवायला गेले, आणि गप्पा हाणून खोलीत परतले, तर पानं पांढरीफटक आणि रोपांनी माना टाकलेल्या. एक वयस्कर पाहुण्या बाई म्हणाल्या, "तुमच्या निबंधाप्रमाणे ही जगायला हवी होती."

थोरलीवर बोट रोखून सर ओरडले, "मला काय विचारता? हिला विचारा! बी पेरण्यापासून सगळं हिनेच केलंय. मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"असं होय?" बाई म्हणाल्या. "मग निबंधावर हिचं नाव कसं नाही?"

बाई थोरलीकडे वळल्या. "नाव काय तुमचं?"

थोरली पुढे झाली. मोठ्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून, तिने आपलं नाव सांगितलं, आणि सरांना ते तिथेच उभं राहून ऐकावं लागलं.