मांतेगाला कोण सांभाळणार?

आर्मिंडा सिल्वेराला आपलं कुत्रं तरुण व्हायला नको होतं. उघड बोलायची मात्र चोरी, कारण अख्ख्या वसाहतीला त्याच्या तरुण होण्याचं कोण कौतुक!

आर्मिंडा ब्याऐंशीची. सगळी हयात पेटालुमा गावातल्या लोण्याच्या कारखान्यात गेली. नवरा वारल्यावर ती पंचावन्नच्या पुढच्यांसाठी असलेल्या या वसाहतीत राहायला आली, ती पिशवीत मावेल एवढं पिल्लू घेऊनच. लोण्याच्या रंगाचं म्हणून त्याचं नाव मांतेगा. तिच्या आईबापांच्या पोर्तुगीजमध्ये लोण्याला तसंच म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मांतेगा पार थकला होता. दाराच्या पायऱ्यांपाशी उभा राहून तो नुसता वर बघायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सान राफाएलला एक संस्था आहे, तिथे नाव घालून बघा. लोकांच्या देणग्यांवर चालणारी संस्था. म्हातारपण उलटं फिरवता येतं का, हा तिचा ध्यास. माणसांचा प्रयोग संपेपर्यंत प्रयोग करणाराच म्हातारा व्हायचा, म्हणून सुरुवात कुत्र्यांपासून. निम्म्या कुत्र्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी. कुणाला कुठली, हे मालकाला कळत नाही आणि संस्थेतून घरी तपासणीला येणाऱ्या मरिसोललाही नाही. आर्मिंडाने ‘बघू तरी’ म्हणून होकार दिला. म्हातारपण काय असं गोळीला भिऊन पळतं का, असं तिला मनातून वाटत होतं.

तर काय, वर्षभरात मांतेगा पायऱ्या चढायला लागला. मग खारींच्या मागे लागला. मग शेजारच्या व्हर्जिल हॅस्किन्सच्या टोमॅटोंत लोळायला लागला. हा व्हर्जिल जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला गडी; बोलतो अजून इंजिनाच्या वरताण.

“कुत्रं नाही, दरोडेखोर पाळलाय तू!” तो कुंपणावरून ओरडायचा. आर्मिंडा माफी मागायची आणि घरात जाऊन हसायची.

ते हसू वसंतात आटलं. हृदयाच्या डॉक्टरांनी तिला ‘जपा’ म्हणून सांगितलं आणि कसं बोललं म्हणजे काय समजायचं, हे या वयात वेगळं शिकवावं लागत नाही. तिचा आपला साधा बेत होता: दोघांनी मिळून म्हातारं व्हायचं, मांतेगाने थोडं आधी जायचं, त्याला नीट मूठमाती देऊन मग तिने. आता सगळंच उलटं होऊन बसलं. गेल्या हिवाळ्यात कोपऱ्यावरचे लोरिंग गेले. त्यांचं म्हातारं कुत्रं बंद दारासमोर बसून राहिलं आणि शेवटी सरकारी गाडी येऊन त्याला कोंडवाड्यात घेऊन गेली. तिथून म्हाताऱ्या कुत्र्याला कुणी घरी आणत नाही. आर्मिंडाचा मुलगा दूर रीनो शहरात, भाड्याच्या घरात. तिथे कुत्र्यांना मनाई. मांतेगा धावायला लागला की तिच्या छातीत धस्स व्हायचं आणि ती तोंड फिरवायची.

शेवटी चर्चमध्ये मेणबत्ती लावून तिने मागणं मागितलं, की मांतेगाची गोळी खोटीच असू दे. असं मागणारी त्या प्रयोगात ती एकटीच असेल. त्याच संध्याकाळी मांतेगाने कुंपणावरून उडी मारली.

गोळी चुकवणं तिला जमलं नसतं. शब्द दिला होता. म्हणून तिने मरिसोलला फोन केला, “आमचं नाव काढून टाक.” मरिसोल कारण विचारायला लागली तेव्हा आर्मिंडा म्हणाली, शनिवारी ये, सांगते.

शनिवारी वसाहतीच्या क्लबघरात पॅनकेकची न्याहारी असते. आर्मिंडा तव्यापाशी उभी राहून लिंग्विसाचे, म्हणजे तिच्या लोकांच्या झणझणीत सॉसेजचे, तुकडे परतत होती.

“मिसेस सिल्वेरा, त्याला काही त्रास होतोय का?” मरिसोलने विचारलं.

“त्याला कसला त्रास! घोडा झालाय घोडा. त्रास मला आहे. मी गेले तर त्याला कोण बघणार गं? तुमची ती गोळी त्याला जगवेल आणि मग तो लोरिंगच्या कुत्र्यासारखा दारात बसेल. त्यापेक्षा त्याला माझ्याबरोबर म्हातारा होऊ दे.”

व्हर्जिलच्या कानातलं यंत्र नेमकं त्या दिवशी चालू होतं.

“का? आणि मी काय मेलोय?” तो मागून गरजला.

“तू एकोणऐंशीचा आहेस, व्हर्जिल.”

“मग? तुझ्यापुढे पोरगाच की!”

“आणि तुझे टोमॅटो?”

“खड्ड्यात गेले टोमॅटो. त्याला रोज सकाळी बेकन कोण घालतं, विचार त्यालाच.”

“बेकन?” मरिसोल किंचाळलीच. “अहो, प्रयोगात बेकन चालत नाही!”

“बघा, अक्कल!” समोरच्या घरातली डोरीन खुर्चीतून उठली. “अरे, तुझ्या छातीत नळ्या किती घातल्यात आधी मोज. तो माझ्याकडे येईल. मी चौऱ्याहत्तरची, आणि आमच्यात बायका शंभरी गाठतात.”

“तुझी आई सत्तरीत गेली,” व्हर्जिल म्हणाला.

“ती शिडीवरून पडली! ते धरायचं नाही!”

मग काय विचारता. कोण कुणाच्या आधी मरणार, यावर क्लबघरात अशी जुंपली की तव्यावरचे पॅनकेक करपले. कुणी रक्तदाब सांगितला, कुणी दुसऱ्याची बायपास काढली. वसाहतीतलं शेंडेफळ युजिनियो, वय एकसष्ट, कोपऱ्यातून सारखा म्हणत होता, “मी सगळ्यांत लहान आहे, माझ्याकडे कुणी बघेल का?” शेवटी ठरलं: आधी व्हर्जिल, मग डोरीन, मग युजिनियो. व्हर्जिलकडे बिछाना तयारच होता म्हणे, कुत्र्यासाठी कधीचा आणून ठेवलेला. थंडीत लागेल म्हणून, असं तो छताकडे बघत म्हणाला.

आर्मिंडाला हसू येत होतं आणि डोळे गळत होते. इतके महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवला होता, आणि तिने तो कधी कुणाला दाखवलाच नव्हता.

“मग? नाव काढू?” मरिसोलने हळूच विचारलं.

“मुळीच नाही,” ती म्हणाली. “बेकनवरून या व्हर्जिलला मात्र तूच दटाव, माझं तो ऐकत नाही.”

न्याहारी आटपून ती बाहेर आली. मांतेगाला हिरवळीवर एक समुद्रपक्षी दिसला आणि तो कान मागे टाकून सुटला. आर्मिंडाने या वेळी तोंड फिरवलं नाही. पार टोकापर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

“धाव,” ती म्हणाली. “धाव रे राजा, खुशाल धाव.”