तिसऱ्या भोकाचा उंचवटा

रशीदभाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी टपरीवर सांगत होतो की माझा एक चेंडू नगरहून उडाला तो थेट नेवाशात पडला. गोष्ट अर्धवट टाकायची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ...

मूळचे तिसगावचे रशीदभाई आमच्या जुन्या गोल्फ मैदानाचे माळी. आमच्याकडे पाण्याची बोंब, म्हणून भोकाभोवती हिरवळ नाही. जळकं तेल मिसळून दाबलेली वाळू. तिच्यावर चेंडूची रेघ न् रेघ उमटते, एका फटक्याला एक. खेळून झालं की तरट ओढून ती पुसायची. मी आरोळी ठोकायचो, "दोन फटक्यांत घातला!" रशीदभाई वाळूकडे बघून हळूच म्हणायचे, "वकीलसाहेब, रेघा पाच हायेत." आणि मागची मंडळी पोचायच्या आत तरट फिरवून मोकळे! इतकी वर्षं वकिली केली, पण एवढ्या मायेनं पुरावा नष्ट करणारा माणूस दुसरा भेटला नाही.

एकदा नव्या अध्यक्षांनी तिसऱ्या भोकाशेजारचा उंचवटा सपाट करायचं ठरवलं. जेसीबी येऊन उभासुद्धा राहिला. मी तत्काळ ठोकून दिलं, "खाली इंग्रज कर्नलची हत्तीण पुरलीय!" रशीदभाई माझ्यावरच भडकले. "खोटं बोलून नका वाचवू त्याला. त्यो खरा हाय."

मग अध्यक्षांकडे वळले. "साहेब, एक चेंडू सरळ भोकातल्या झेंड्यावर मारा." चेंडू वाळूवर पडला आणि घरंगळत पार ओढ्यात गेला. "आता झेंडा इसरा. उंचवट्याच्या डाव्या खांद्यावर मारा." चेंडू चढला, जरा थबकला, वळला... आणि लेकरागत झेंड्यापाशी येऊन बसला.

"ज्यानं हे आखलं त्यानं माती हलवली न्हाई, साहेब. जमीन कुठं वळती ते बघत हिंडला, अन् तितं भोक पाडलं."

अध्यक्षांनी दुसरा चेंडू मागितला. मग तिसरा. दुपारी जेसीबी आला तसा परत गेला.

परवा एकटाच गेलो. डाव्या खांद्यावर मारला. चेंडू शहाण्यासारखा खाली आला. पुढचं मात्र माझ्या हातात होतं, म्हणजे सगळा आनंदच. तरट खुंटीला तसंच होतं, दोरीला रशीदभाईंच्या हातची गाठ. ते उचललं, तोच मागून खेळत येणारे दोघे पोचले. "काय वकीलसाहेब, किती?"

तरट हातात होतं. एक ओढ, की संपलं.

"चार," मी म्हणालो.

त्यांना ती थट्टा वाटली. मी बाजूला सरून वाळूवरच्या रेघा दाखवल्या... आणि मगच तरट ओढलं.