गादी उचलून पाहिलेल्या दोन बोटी

बोटीच्या केबिनमध्ये गादी बसवायची तर आत जाऊन आडवं व्हावं लागतं. बाहेरून हात घालून कोपरे बसत नाहीत. पुढच्या टोकाकडे केबिन निमुळती होते, तिथे गादीही निमुळती कापायची, मग पोटावर सरपटत जाऊन ती दाबायची, आणि पाठीवर वळून छताचं अस्तर ताणायचं. नऊ वर्षं मी हेच केलं. ज्यांनी त्या बोटी विकत घेतल्या, त्यांच्यापेक्षा जास्त वेळ मी त्यांच्यात झोपलेली आहे.

आमची शेड सुरतेबाहेर हजिऱ्याच्या रस्त्याला होती. तिथे फायबरची बावीस फुटी बोट बनायची. मागे बसायला बाकं, मध्ये सुकाणू, पुढे दोन माणसं झोपतील एवढी केबिन. धरणाकाठची रिसॉर्टं घ्यायची, हौशी लोक घ्यायचे. तेवढ्याच लांबीची, तशीच केबिनवाली बोट आमच्या भागात आणखी एकच जण बनवायचा. त्याचं नाव आमच्या शेडमध्ये कोणी घेत नसे. सगळे त्याला 'पलीकडचा' म्हणत.

त्याआधी मी उधन्याला गाड्यांची सीट कव्हरं शिवायची. त्याच्याही आधी नवागामच्या खोलीत आईशेजारी बसून साड्यांना फॉल लावायची. वडील खानदेशातून इथे लूमवर आले आणि लूमवरच गेले. जाड रेक्झिनवर सरळ शिवण घालायला मला कोणी शिकवलं नाही, मशीनने आणि सुयांनी शिकवलं. माझ्या शिवणीबद्दल कोणी वाकडं बोललं तर ते मी विसरत नाही. पुढचं सगळं तिथूनच घडलं.

एका रिसॉर्टवाल्याने आमच्या दोन बोटींच्या गाद्या परत पाठवल्या होत्या. खालून काळी बुरशी, फोम पिळला तर पाणी निघेल असा. शेठनी मला ऑफिसात बोलावलं. रिसॉर्टचा माणूस समोरच बसला होता. त्याच्या देखत शेठ म्हणाले, "बेन, तुझ्या शिवणीतून पाणी जातं. नीट शिवत जा."

मी म्हटलं, "शेठ, पाणी शिवणीतून नाही जात. केबिनच्या खिडक्या उघडत नाहीत. आतला दमट वारा आतच राहतो. गादीखालची फळी सपाट आहे, तिला भोकं नाहीत. गादी खालून सुकायची कशी?"

"फळीचं काम तुझं आहे का?"

"नाही."

"मग शिवणीचं बघ."

मी नव्या गाद्या शिवून दिल्या. चार महिन्यांनी त्याही परत आल्या. मी पुन्हा सांगितलं, सुपरवायझरला सांगितलं, फायबरच्या साच्यावर काम करणाऱ्यांना सांगितलं. खिडकी उघडणारी करायची तर साचा बदलावा लागेल, असं ते म्हणाले. साचा बदलायला शेठ तयार नव्हते. माझी शिवण बदलायला तयार होते.

मग त्या उन्हाळ्यात डॉक्टरबेन आल्या. अडाजणमधला दवाखाना बंद करून त्यांना वर्ष झालं असेल. साठीच्या पुढच्या, केस कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला बोट घेऊन नदीवर दोन-तीन दिवस राहायचं होतं. घरातले सगळे हसत होते म्हणे. त्यांच्या हातात दोन माहितीपत्रकं होती, एक आमचं आणि एक पलीकडच्याचं. शेठनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज आणखी गोड झाला.

मी तेव्हा केबिनच्या आत होते. शेठ बाहेरून बोटीची चकाकी दाखवत होते, रंगीत दिवे, गाणी लावायचं यंत्र, पांढरंशुभ्र सुकाणू. डॉक्टरबेनांनी वाकून आत डोकं घातलं. दुपारचे दोन वाजले असतील. माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

"कधीपासून आत आहेस?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"जेवण झाल्यापासून."

"खिडकी उघड ना."

"उघडत नाही, बेन."

त्यांनी काचेवर बोट ठेवून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरं सांग. तुला झोपायचं असेल तर तू या बोटीत झोपशील?"

त्यांच्या खांद्यामागे शेठचा चेहरा दिसत होता. ते हसत होते. मी हो म्हणणार याची त्यांना इतकी खात्री होती, की ते माझ्याकडे पाहतही नव्हते.

"नाही," मी म्हटलं.

शेठ पुढे आले. "गरमीने बेनला चक्कर आलीये. चला, तुम्हाला चहा..."

"मला चक्कर आलेली नाही." मी दुसऱ्या बाजूची, आठ दिवसांपूर्वी बसवलेली गादी उचलली आणि उलटी केली. "हात लावून बघा. ही बोट अजून पाण्यात गेलेली नाही. नुसती झाकून ठेवली होती."

डॉक्टरबेनांनी तळहात फिरवला. ओल लागली. त्यांनी तळहात शेठना दाखवला. मग मला विचारलं, "आणि त्या दुसऱ्यांची?"

पलीकडच्याची बोट मी एकदा पाहिली होती. धरणावर गाद्या बसवायला गेले तेव्हा ती आमच्या बोटीशेजारी बांधलेली होती आणि तिच्या चौकीदाराने मला आत डोकावू दिलं होतं. जे पाहिलं ते सांगितलं. "दिसायला साधी आहे. पण दोन्ही खिडक्या उघडतात, छताला झडप आहे, आणि फळीला भोकं आहेत. गादी कोरडी होती."

शेडमध्ये घासकाम करणाऱ्यांनी हातातली यंत्रं बंद केली होती. शेठनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"आजचं काम पुरं करू का?"

"नको."

मी माझी कात्री, टेप आणि सुयांचा डबा उचलला. फाटकापाशी डॉक्टरबेन गाडीत बसत होत्या. त्यांनी माझ्या हातात आमचंच माहितीपत्रक दिलं, मागे त्यांचा नंबर लिहिला होता. "माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही फक्त विचारलं."

घरी आल्यावर मात्र मला रडू आलं. रागाचं होतं, पण रडूच. आई भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, तवा उतरवला आणि म्हणाली, "तू खोटं बोलनी का? नही ना. मंग रडस कसाले?" आणि जेवायला वाढलं.

चार दिवसांनी पलीकडच्याचा फोन आला. माझा नंबर त्याला कोणी दिला ते त्याने सांगितलं नाही. शेडमधली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. त्याने मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, थंड पेय दिलं. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस, शेडही नीटनेटकी. म्हणाला, "बेन, तिथे जे बोललीस तेच फक्त कॅमेऱ्यासमोर बोल. दोन मिनिटं. त्यानंतर माझ्या सगळ्या बोटींच्या गाद्या तुझ्याकडे."

मला हवंच होतं. खोटं कशाला सांगू? आमच्या शेठना ते मोबाइलवर दिसेल, या विचाराने मला आनंद झाला होता. पण मी म्हटलं, "मी तुमची बोट बांधलेली पाहिली आहे. चालताना पाहिली नाही. आधी एक फेरी मारू द्या."

तो हसला. "तू तर गिऱ्हाइकापेक्षा जास्त."

मगदल्ल्याच्या धक्क्यावरून आम्ही नदीत निघालो. एक माणूस सुकाणूवर, पलीकडचा त्याच्याशेजारी, मी केबिनमध्ये. केबिन खरंच चांगली होती. पाय सरळ पसरता येत होते, उठून बसलं तरी डोकं आपटत नव्हतं, पायरीपाशी धरायला दांडी होती. मी तिथल्या गादीची उसवलेली एक कड हाताने टाचत बसले. बोट हळू चालली होती आणि वारा मागून होता. वीसेक मिनिटांत माझं कपाळ ठणकायला लागलं. वाटलं, बोट लागली असेल. वर आले, मोकळ्या हवेत बसले, उतरलं. पुन्हा खाली गेले. पुन्हा कपाळ ठणकलं, आणि या वेळी मळमळलंही.

मी गादी उचलली. पुढच्या बाजूला खालून स्वच्छ होती. मागच्या बाजूला, जिथे केबिनची भिंत इंजिनाकडे असते, तिथे फोमच्या कापडावर काजळी होती. हाताएवढा काळा डाग, बोट फिरवलं तर बोटाला लागणारा. समोर फळीमागे एक भोक होतं. इंजिनाकडून वायरी आणि नळ्या त्यातून येत होत्या, आणि भोवती मूठ जाईल एवढी जागा मोकळी होती.

मी त्याला खाली बोलावून दाखवलं.

"वारा मागून आहे ना, म्हणून," तो म्हणाला. "रोज थोडीच मागून असतो."

"कधीतरी असेलच ना. तेव्हा आत कोणी झोपलं असेल."

"खिडकी उघडी ठेवायची."

"पावसात?"

तो वर निघून गेला. किनाऱ्याला लागल्यावर एक पोरगी मोबाइल घेऊन उभीच होती. तिने माझी ओढणी नीट केली आणि बोला म्हणाली. मी बोलले. या बोटीच्या खिडक्या उघडतात, फळीला भोकं आहेत, गादी सुकते, त्या दुसऱ्या बोटीत सुकत नाही. आणि या बोटीत इंजिनाचा धूर केबिनमध्ये येतो. ते भोक बुजवेपर्यंत आत कोणी झोपलेलं असताना इंजिन चालवू नका.

पोरीने मोबाइल खाली घेतला. पलीकडचा म्हणाला, "शेवटचं नको. पहिलं तेवढं बोल."

"मग पहिलंही नको."

"आपण ते कापू शकतो," पोरगी म्हणाली.

"कापलंत तर मी स्वतः बोलेन. मोबाइल माझ्याकडेही आहे."

तो म्हणाला, "एक काम गेलं, हे दुसरंही घालवतेस. खाशील काय?"

"साडीला फॉल लावेन," मी म्हटलं. "सुरतेत साड्या संपायच्या नाहीत."

त्याने ते चित्रण पुसायला लावलं. मी समोर उभी राहून पुसल्याची खात्री केली आणि दोन रिक्षा बदलून घरी आले. डोकं अजून जड होतं. आल्या आल्या डॉक्टरबेनांना फोन केला. त्या बोटीबद्दल चांगलं मीच बोलले होते, माझ्या बोलण्यावर जाऊन त्या ती घेतील, ही भीती होती.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. कपाळ दुखलं की मागून? मळमळलं? वर आल्यावर किती वेळात बरं वाटलं? सगळं ऐकून म्हणाल्या, "दारं-खिडक्या बंद असत्या आणि तू झोपलेली असतीस, तर तुला डोकं दुखल्याचं कळलंही नसतं."

पुढच्या रविवारी त्या मला घेऊन पलीकडच्याकडे गेल्या. मी गाडीतून उतरताच त्याचं तोंड पडलं. डॉक्टरबेनांनी त्याला सरळ सांगितलं, "बोट मला हीच हवी. पण ते भोक आमच्यासमोर बुजवायचं. मग वारा मागून घेऊन दोन तास चालवायची, आणि ही आत झोपेल. तिचं डोकं दुखलं नाही तर बोट माझी."

त्याने भोक बुजवून घेतलं. अडीच-तीन तासांचं काम. फायबर वाळल्यावर आम्ही निघालो. डॉक्टरबेनांनी धुरातला विषारी वायू ओळखणारं एक छोटं यंत्र आणलं होतं, ते माझ्या उशाशी ठेवलं. मी आडवी पडले. थोड्या वेळाने खरंच झोप लागली. उठले तेव्हा त्या पायरीवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. यंत्र वाजलं नव्हतं.

"आधी विकलेल्या बोटींचं काय?" परत आल्यावर मी विचारलं.

"कोणाची तक्रार नाही," पलीकडचा म्हणाला.

डॉक्टरबेन म्हणाल्या, "तक्रार करायला माणूस झोपेतून उठावा लागतो." आणि त्या सगळ्या बोटींना माणूस पाठवण्याचं त्याच्याकडून तिथल्या तिथे लिहून घेतलं, मगच बोट घेतली.

त्याने सगळीकडे माणूस पाठवला का, मला माहीत नाही. मला माहीत होती त्या दोन रिसॉर्टांना मी स्वतः फोन केले. एकाने माझे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी भोक बुजवल्याचा फोटो पाठवला. दुसऱ्याने विचारलं, मी कोणत्या कंपनीकडून बोलते. मी म्हटलं, कोणत्याच नाही. त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्याच्या मॅनेजरने ऐकून घेतलं.

आता मी घरूनच काम करते. बोटवाले गाद्या थेट माझ्याकडे आणतात, दोन्ही बनवणाऱ्यांच्या. पूर्वीपेक्षा काम कमी आहे, मध्ये मध्ये फॉलही लावते. गेल्या थंडीत डुमसला एका गिऱ्हाइकाच्या बोटीचं माप घेत होते, तिथे आमचे जुने शेठ भेटले. सोबत नवं गिऱ्हाईक होतं. शेठनी दाखवायला आणलेल्या नव्या बोटीला उघडणाऱ्या खिडक्या होत्या. मी ते पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"हिचं ऐकू नका," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "ही काहीही बोलते."

गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळून खिशात टाकली आणि म्हटलं, "खिडक्या चांगल्या केल्यात, शेठ. आता गादी उचलून फळीही दाखवा त्यांना."

शेठ जागचे हलले नाहीत. गिऱ्हाईकच वाकून केबिनमध्ये शिरलं.