बडनेरा ते अकोला, मांडीवर एक सळई

गेल्या शनिवारी मी पेन्सिलीहून बारीक अशी एक पोलादी सळई घेऊन अकोल्याला गेले आणि इतक्या खुशीत परतले, की लिहिल्याशिवाय चैन पडेना.

आधी कारण सांगते. माझी आई वर्षानुवर्षं रोज सकाळी चरख्यावर सूत कातायची. मध्यंतरी तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हात चाक फिरवेना. तिनं जाहीर करून टाकलं, सोमवारी चरखा शाळेला द्यायचा. मीही हट्टाला पेटले. चाकाला शिलाई मशीनची मोटर जोडली, पायानं दाबायची. पण त्या वेगाला चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी टोकदार सळई, थरथरायची आणि धागा तुटायचा. नवी चाती कडक पोलादाची हवी होती, म्हणून बेअरिंगच्या दुकानातून तीन सळया आणल्या. आमच्या अमरावतीत पहिली लेथवर दोन्ही टोकांनी इतकी आवळली की वाकली. दुसरी तापवून मऊ केली, ती कामातूनच गेली. उरली एक, आणि दुकानात तसली चौथी नव्हती. दुकानदार म्हणाला, "अकोल्याच्या एमआयडीसीत इंगळे मिस्त्री हायेत. त्यायच्याकडे जा."

सकाळी गिला वडा हाणला, स्कूटर बडनेरा स्टेशनवर लावली आणि गाडीत बसले. साधं तिकीट नाश्त्याहून फार महाग नाही, आणि दीडेक तासात अकोला. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. जाणार असाल तर याच दिवसांत जा आणि खिडकी सोडू नका. सळई वाकू नये म्हणून ती प्लास्टिकच्या नळीत घालून मांडीवर धरली होती. समोरच्या मावशी बराच वेळ बघत होत्या.

"त्या नळीत काय हाय वं?"

"सळई आहे."

"अकोल्याले सळई घिऊन चालली? तिथं भेटत नाही काय?"

मी हसले आणि त्यांनी दिलेल्या शेंगा खाल्ल्या.

स्टेशनवरून ऑटो दीडशे म्हणाला, शंभरात आला. इंगळेकाका साठीचे, कानावर पेन्सिल खोचलेली. त्यांनी सळई काचेवर घरंगळवली, ती सरळ आहे का ते बघायला खाली वाकून फट पाहिली आणि विचारलं, "कायची हाय?"

"आईच्या चरख्याची चाती. काका, ही शेवटची आहे."

"मंग घाई नाही करायची."

आणि खरंच नाही केली. दीड तास त्यांनी सळईला कापायचं टूल लावलंच नाही. आधी पितळेची एक छोटी नळी बनवली, सळईवर चपखल बसणारी, एका बाजूनं चिरलेली. ती चकमध्ये, लेथच्या फिरत्या पकडीत, धरायची, म्हणजे चकचे दात सळईला चावत नाहीत. मग लेथच्या पोकळ दांड्यातून सळई मागून आत सरकवली. पुढं फक्त दोन बोटं बाहेर. मागचं टोक फडफडू नये म्हणून लाकडाचा गुटका ठोकला.

"बाहेर जितकी जास्त काढली, तितकी ते टूलले पाहून पळते," ते म्हणाले. "कापाचं काम पाच मिनटाचं. धराचंच काम मोठं."

मध्येच डबा उघडला आणि मलाही कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर आणि ठेचा मिळाला. डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरी भाकर मागितली.

मग लेथ सुरू झाला. कार्बाइडचं टूल लागलं, केसासारखा बारीक चुरा उडू लागला, टोक निमुळतं होऊ लागलं. आनंदानं मला एका जागी उभं राहवेना. आणि लाईन गेली, वीज बंद.

चक थांबला. टूल सळईत रुतलेलं. मी पुढं हात नेला तर काका ओरडले, "हात नोका लावू!" मग शांतपणे म्हणाले, "असंच मागं ओढलं तं टूलचं टोक तुटते अन् चातीले खड्डा पडते. मी टूल काढतो, तुमी चक हातानं फिरवा. सम. झटका नाही."

मी दोन्ही हातांनी चक धरला. लहानपणी आई चरख्याचं चाक माझ्या हातात देऊन म्हणायची, श्वास घेतो तसं फिरव. तसंच फिरवलं. काकांनी टूल केसभर, मग आणखी केसभर मागं घेतलं. टूल सुटलं. त्यांनी नखानं चातीचं टोक चाचपलं, खड्डा नव्हता.

"चरखा चालवता वाट्टे," म्हणाले.

लाईन आल्यावर उरलेलं काम पाच मिनिटांतच झालं. मजुरी शेजारच्या ड्रिल मशीनच्या आवाजात नीट ऐकू आली नाही, मी पाचशेची नोट ठेवली, त्यांनी दोनशे परत दिले. कचोऱ्या बांधून घेतल्या आणि परतीच्या गाडीत नळी पुन्हा मांडीवर.

रविवारी चाती बसवली. आईनं पायानं मोटर दाबली, डाव्या हातानं पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, ओढला. धागा हातभर आला, मग दोन हात. तुटला नाही. "आवाज करते तुझी मोटर," एवढंच ती म्हणाली, आणि जेवायची वेळ झाली तरी उठली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

सोमवारी शाळेचे शिपाई चरखा न्यायला दारात उभे. आईनं मान वर केली नाही.

"मी कातून राहिली ना, भाऊ. दिसत नाही काय?"