नहरावर नेलेली पिल्लं

आमच्या घरी बदकं आली ती माझ्या भावाच्या कृपेने. त्या हिवाळ्यात माझं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. भेटायला येणारे उसासे टाकायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. भाऊ मात्र गोंदियाहून एसटीने अर्जुनीला उतरला, तिथून कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि झाकलेली टोपली घेऊन दारात उभा राहिला. टोपलीत बदकाची चार पिल्लं, पिवळीजर्द. सांभाळ म्हणाला आणि जेवायला बसला.

सासूबाईंनी टोपलीत डोकावून विचारलं, हे कापायचे की विकायचे? नुसते पाळायचे, असं कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा राखण करतो. नुसतं खाऊन घाण करणारं जनावर त्या घराने पाहिलं नव्हतं. शिवाय मागच्या वाडीतली कोथिंबीर सासूबाईंच्या जिवाची होती.

मी मात्र पिल्लांच्या मागे वेडी झाले. शिळा भात पाण्यात कालवून घालायची, वाडीभर त्यांना मागे घेऊन फिरायची. खरं सांगायचं तर या कौतुकाच्या पोटात भीती होती. मूल गेल्यापासून एकच गोष्ट मनात बसली होती, की माझ्या हातून काही जगत नाही. ही चार जगली असती तर मी खोटी ठरले असते, आणि मला खोटंच ठरायचं होतं.

मग थंडी सरायच्या आतच उन्हाळी धानासाठी इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं आणि गावाजवळचा नहर भरला. नवरा म्हणाला, बदकं आहेत, सोड पाण्यात, मासोळीला कोणी पोहायला शिकवतं काय? मला पटलं. शहाण्याला शहाणी भेटली म्हणायची! सकाळी आम्ही पिल्लं नेली आणि त्या गारठ्यात पाण्यात सोडली. सुरुवातीला काय ऐट होती त्यांची. मग अंगावरची लव भिजून चिकटली आणि एकेक पिल्लू बुडायला लागलं. नवरा कपड्यांसकट नहरात उतरला. बाहेर काढली तेव्हा त्यांनी माना टाकल्या होत्या. आईशिवाय वाढणाऱ्या एवढ्याशा पिल्लांच्या अंगावरून पाणी निथळत नाही, ती कापसासारखी भिजतात, हे ज्ञान आम्हाला असं झालं.

घरी पोचेपर्यंत माझं रडून झालं होतं. सासूबाई चुलीपाशी होत्या. "आई, माझ्या हातून काहीच जगत नाही," मी म्हणाले.

त्यांनी चुलीत लाकूड सारलं. जुन्या लुगड्याच्या फडक्याने पिल्लं पुसली, एकेक उलटूनपालटून पाहिलं, तीन आपल्या ओच्यात घेतली आणि एक माझ्याकडे केलं.

"हे तू धर. माह्या ओच्यात तीनच मावतेत."

त्या ओच्यात पायलीभर धान सहज मावायचं. पण मी धरलं, छातीशी. दुपार टळेपर्यंत आम्ही दोघी चुलीसमोर बसून राहिलो. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही आणि सासूबाईंनी त्याबद्दल कुणाला बोलू दिलं नाही. संध्याकाळी तीन पिल्लं उभी राहिली. ओच्यातलं एक गेलं. ते त्यांनी स्वतः वाडीत पुरलं, मला येऊ दिलं नाही.

उरलेल्या तिघांनी पुढे कोथिंबिरीचा फडशा पाडला. सासूबाई शिव्या घालत घालत त्यांना भातही घालायच्या. त्या बदकांनी मला किती हसवलं, याची आठवण आजही सुखाची आहे. भावाचे उपकार तर आहेतच. पण माझा जीव सगळ्यात जास्त अडकला आहे तो पिल्लू पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीत.

शेजारची काकू आली होती. पिल्लू मेल्याचं तिला कळलं होतं. मी आत भांडी घासत आहे हे ठाऊक असूनही ती बोलली, की तुझ्या सुनेचा हातच वाईट, बाई.

"मी तीन धरले, त्यातलं एक मेलं," सासूबाई म्हणाल्या. "सुनेनं एकच धरलं, थे जगलं. आता सांग, कोनाचा हात वाईट?"

काकू उठून गेली. चुलीपाशी माझ्याकडे दिलेलं ते पिल्लू चौघांत एकटंच डोळे उघडून होतं. ते मी पाहिलं होतं. सासूबाईंनीही पाहिलं होतं.